काही विशेष नाही

पाणी घरात शिरलं मंगळवारी दुपारी, पण खरी धांदल उडाली ती शुक्रवारी सकाळी, विमा कंपनीचा माणूस घर बघायला येणार असा निरोप आला तेव्हा. पाण्याचं एक बरं असतं. ते न सांगता येतं, त्यामुळे त्याच्यासाठी आवराआवर करावी लागत नाही.

धरणाचे दरवाजे उघडले, नदी फुगली आणि दुपारी दोनच्या सुमाराला तिनं तळमजल्यावरच्या मापेकाकांचं दार ढकललं. सहाला ती निघून गेली. जाताना सोफा फुगवून, कपाटाची दारं वाकवून आणि चारही खोल्यांत बोटभर चिखल ठेवून गेली. काका-काकू तोवर वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे बसून होते आणि काकू सारख्या म्हणत होत्या, "पायपुसणं तरी उचलायला हवं होतं."

मापे हे काकांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यामुळे सगळी गल्ली त्यांना मापेकाका म्हणायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते समोरून येताना दिसले की भाजीवाली सवयीनं तागडं पुसून घ्यायची. खोटं माप या गोष्टीची त्यांना इतकी चीड होती, की घरातसुद्धा ते "अर्धा कप चहा" मागायचे आणि पाऊण आला तर पाव परत करायचे.

काकू पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवायच्या. बावीस वर्षं. गल्लीतल्या निम्म्या बायकांना ब्लाउजची बाही लावायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचं मशीन मोटरीवर चालणारं, मोटर टेबलाच्या खाली. पाणी ओसरल्यावर काकूंनी आधी त्या मशीनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि खराटा हातात घेतला. तो पुढचे तीन दिवस खाली ठेवला नाही.

आता विम्याचं. हा विमा काकूंच्या धाकट्या भावानं, म्हणजे काकांच्या मेहुण्यानं विकला होता. मेहुण्याकडून विमा घेऊ नये असं म्हणतात ते उगीच नाही. परक्या एजंटाला चार शब्द सुनावता येतात, मेहुण्याला चहा विचारावा लागतो. पाणी ओसरल्यावर त्यानं काकांकडून भरपाईचा अर्ज भरून घेतला. 'पाण्याची उंची' या रकान्यात काकांनी 'गुडघाभर' असं लिहिलं. भिंतीवरची चिखलाची रेघ तेव्हा त्यांच्या समोर होती, पट्टी आणून मोजली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण घरात उभं राहायला जागा नव्हती, मेहुणा घाई करत होता आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच काकांनी अंदाजानं माप लिहिलं.

"उद्या सर्व्हेअर घर बघायला येणार आहे, भाऊजी," असा मेहुण्याचा फोन शुक्रवारी आला. काकूंच्या कानावर त्यातलं 'बघायला येणार' एवढंच पडलं.

"परका माणूस येणार आणि घर हे असं?" त्या म्हणाल्या.

"अगं, असं आहे म्हणूनच येतोय तो."

"म्हणून काय झालं? लोक काय म्हणतील, यांच्याकडे साधी लादी पुसत नाहीत."

काकांनी दोन-तीन वाक्यं मनात जुळवली, पण संसाराच्या अनुभवावरून ती मनातच ठेवली. काकूंनी भिंती ब्रशनं घासल्या. ती चिखलाची रेघ साबणाच्या पाण्यानं अशी धुतली की खालची भिंत वरच्यापेक्षा उजळ दिसू लागली. मग शोभत नाही म्हणून वरचीही घासली. फुगलेला सोफा, वाकलेलं कपाट, भिजलेल्या गाद्या असं सगळं गुरुवारीच नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं. राहता राहिली जिन्याखालची अडगळीची खोली. ती काकांच्या वाट्याला होती. काकांनी दार उघडलं, आत पाहिलं, दार लावलं आणि कुलूप घातलं.

"झाली का हो?" काकूंनी विचारलं.

"झाली," काका म्हणाले.

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एका ग्रॅमचंही खोटं सहन केलं नाही, त्या माणसाचं हे पहिलं असत्य. पण ती खोली तशी होतीच. गेली अकरा वर्षं काका ती 'या रविवारी' आवरणार होते. पुरानं तिची अवस्था फार बिघडवली असं म्हणणंही धाडसाचं होतं.

सगळं लख्ख झाल्यावर काकूंच्या लक्षात आलं, की येणाऱ्या माणसाला बसायला घरात मशीनच्या खुर्चीशिवाय काही नाही. तेव्हा वरच्या मजल्यावरचे टायपिस्ट मदतीला धावले. त्यांनी पस्तीस वर्षं कोर्टाच्या फाटकाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप केले होते, त्यामुळे कायदा आपल्याला वकिलांपेक्षा जास्त कळतो, कारण आपण तो दोन्ही बाजूंनी टाइप केला आहे, असं त्यांचं मत होतं. त्यांनी आपला सोफा खाली पाठवला. तो उतरवताना हमालांनी कठड्याचा कोपरा उडवला आणि परत वर चढवायला साफ नकार दिला. सोफा खालीच राहिला. मग रोज संध्याकाळी टायपिस्ट आपल्या सोफ्यावर बसायला खाली येऊ लागले आणि बसल्या बसल्या सल्ले देऊ लागले.

शनिवारी सर्व्हेअर आला. किडकिडीत, दमलेला, बुटांना नऊ गल्ल्यांचा चिखल लागलेला. सकाळपासून घाण पाण्यात उभं राहून त्यानं बारा घरं पाहिली होती. इथं आल्यावर त्यानं आपणहून बूट बाहेर काढले. टायपिस्टांच्या सोफ्यावर बसल्यावर त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. काकूंनी चहा आणला, बिस्किटं आणली. मशीनवर पांढरी क्रोशाची झालर पसरली होती, मशीनचा वरचा भाग तेलपाण्यानं चकाकत होता.

"काकू, फार नुकसान झालं का हो?" त्यानं विचारलं.

आणि काकू म्हणाल्या, "नाही हो. काही विशेष नाही. खालच्या आळीतल्या लोकांचं बघा, बिचाऱ्यांचं सगळं गेलं. आमचं काय, दोघं तर माणसं."

"मशीन?"

"आहे की. चालायचंच."

काका बाजूला उभे होते. त्यांनीही मान डोलावली. आता यात दोघांचं काय चुकलं? घरी आलेल्या माणसानं कसं काय विचारलं तर बरं आहे म्हणायचं असतं. पाय मोडला तरी 'जरा मुरगळलाय' म्हणायचं असतं. आपली दुःखं पाहुण्याच्या बशीत वाढायची नाहीत, हे दोघंही लहानपणापासून शिकत आले होते. सर्व्हेअरनं मात्र ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

अठरा दिवसांनी पत्र आलं. टायपिस्टांनी ते सोफ्यावर बसून मोठ्यानं वाचलं. 'घर: स्वच्छ व कोरडे. भिंती: नुकत्याच साफ केल्याप्रमाणे उजळ. सोफा: सुस्थितीत. शिलाई मशीन: आहे, चालायचे. नुकसान: घरमालकिणीच्या सांगण्यानुसार काही विशेष नाही. पाण्याची उंची: गुडघाभर, पुरावा नाही. सबब दावा नामंजूर.'

"सोफा सुस्थितीत," टायपिस्ट समाधानानं म्हणाले. "माणूस प्रामाणिक आहे."

काकू आत गेल्या आणि दोनदा घासलेली पातेली तिसऱ्यांदा घासू लागल्या. वायरमननं पुढच्या खोलीचं वायरिंग नवीन केल्याशिवाय एकही बटण दाबू नका असं बजावलं होतं, मशीनची मोटर बाद झाली होती, आणि पेन्शनमधून हे दोन्ही होणं नव्हतं. क्लासच्या बायकांना काकूंनी थोडे दिवस सुट्टी आहे म्हणून सांगितलं होतं. थोडे म्हणजे किती, हे काकांनी विचारलं नव्हतं. मापाच्या माणसानं नेमकं हेच विचारलं नाही.

काका विमा कंपनीच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज उलटसुलट केला.

"गुडघाभर म्हणजे?"

"म्हणजे गुडघ्यापर्यंत."

"कोणाचा गुडघा?"

"माझा."

कारकुनानं खिडकीतून वाकून पाहिलं. काका मुळात उंचीनं बेताचे. "तुमचा गुडघा आमच्याकडे नोंदवलेला नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अजिबात थट्टा नव्हती आणि म्हणूनच ते जास्त लागलं. काकांनी एकदा एका कापडवाल्याला हातानं कापड मोजल्याबद्दल दंड केला होता. तो म्हातारा कापडवाला रडवेला होऊन म्हणाला होता, "साहेब, हात माझाच आहे." आज काका खिडकीशी उभं राहून गुडघा माझाच आहे म्हणत होते. घरी येईपर्यंत त्यांना तो कापडवाला चार वेळा आठवला.

"सोपं आहे," टायपिस्ट म्हणाले. "गुडघ्याचं प्रतिज्ञापत्र करू."

त्यांनी आपलं यंत्र खाली आणलं. काकूंनी शिवणाची टेप घेतली आणि काका खुर्चीला धरून उभे राहिले. टाचेपासून गुडघ्यापर्यंत अठ्ठेचाळीस सेंटिमीटर भरलं. काकांना शंका आली, त्यांनी परत मोजायला लावलं, तर सेहेचाळीस. "दोन बोटं सैल धरते मी नेहमी," काकू म्हणाल्या. "नंतर उसवायला बरं पडतं." काकांनी शपथेवर सेहेचाळीस लिहून दिलं. कारकुनानं ते प्रतिज्ञापत्र वाचून फाइलला लावलं आणि म्हणाला, "गुडघा कळला. आता तिथपर्यंत पाणी आलं होतं याचा पुरावा आणा."

"मग चिखल आणू," टायपिस्ट त्या संध्याकाळी म्हणाले. "नदीकाठी पुष्कळ पडलाय. दोन पोती आणायची, भिंतीला रेघ ओढायची, सर्व्हेअरला परत बोलवायचं. चिखल तोच, नदी तीच. फक्त तारीख वेगळी."

काका उठून उभे राहिले. "दुकानदार तागड्याखाली चिंच चिकटवायचे, तेव्हा तेही हेच म्हणायचे. चिंच घरचीच आहे म्हणून. दावा बुडाला तर बुडू दे, खोटं माप या घरात लागणार नाही."

टायपिस्टांना वाईट वाटलं. ते सोफ्यावरून उठून वर गेले. मग सोफा खालीच राहिल्याचं लक्षात येऊन दहा मिनिटांनी परत आले. एवढं रुसायला दोघांपैकी कोणालाच परवडणारं नव्हतं.

शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये पूरग्रस्तांसाठी मदत केंद्र उघडलं होतं. काका तिथं चार दिवस जायचं टाळत होते. मदत मागायची म्हणजे आपल्याला गरज आहे असं म्हणायचं, आणि ते त्यांच्या जिभेला कधी वळलंच नव्हतं. शेवटी ते गेले ते 'सहज चौकशी करायला'. टेबलामागे एक निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हे 'काही विशेष नाही' कोण म्हणालं?"

"आमची ही."

"आणि तुम्ही?"

"मी मान डोलावली."

"वाटलंच मला. वॉर्डात तीस वर्षं हेच पाहिलं. रात्रभर कण्हणारा माणूस सकाळी डॉक्टर आले की म्हणतो, बरं आहे. डॉक्टर बरं आहे लिहितात आणि पुढच्या खाटेकडे जातात. त्यात डॉक्टरचं काय चुकलं?" बाईंनी फेरतपासणीचा अर्ज पुढे ओढला. "आता सांगा, घरात काय काय गेलं?"

काकांनी सांगितलं. मशीनपाशी आल्यावर ते अडखळले. "मोटर गेली. पण ती म्हणते त्याचं एवढं काही नाही."

"तिला परत विचारा," बाई म्हणाल्या. "आणि एक सांगा. घरात अशी एखादी जागा असेल, जी अजून कोणी साफ केलेली नाही? असतेच प्रत्येक घरात."

काकांनी खिशातली किल्ली चाचपली. जिन्याखालच्या खोलीतून येणाऱ्या वासाबद्दल काकूंनी दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांनी तो वास रस्त्यावरच्या गटारावर ढकलला होता. तेवढ्यावर थांबले असते तर बरं. त्यांनी गटाराविरुद्ध नगरपालिकेत रीतसर तक्रार केली होती आणि पालिकेनं, कधी नव्हे ते, येऊन गटार दोनदा उपसलं होतं.

"आहे एक जागा," काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी किल्ली काकूंच्या पुढ्यात ठेवली. "खोली झालेली नाही," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. गटाराचा काही दोष नव्हता."

काकूंनी कुलूप उघडलं. आत सगळा पूर जसाच्या तसा उभा होता. फुगलेली खोकी, कुजलेली वर्तमानपत्रं, घोट्याएवढा वाळलेला चिखल आणि त्यावर अकरा वर्षांची कोळिष्टकं. कोपऱ्यात काकांची मीटरपट्टी भिंतीला टेकून उभी होती. निरोप समारंभात खात्यानं दिलेली, शिसवी लाकडाची, दोन्ही टोकांना पितळ, मध्यावर सरकारी शिक्का. लोकांना निवृत्तीला घड्याळं देतात, यांना पट्टी दिली, असं म्हणून काकूंनीच ती तिथं ठेवली होती. चार तास पाण्यात उभी राहिल्यामुळे तिच्यावर चिखलाची रेघ उमटली होती. सरळ, बारीक, जणू कोणी आखली असावी.

काका खाली वाकले. चष्मा लावून वाकले. "एकसष्ट," ते म्हणाले. "एकसष्ट सेंटिमीटर. अगं, गुडघाभर नव्हतंच ते. मांडीपर्यंत होतं. मी कमी लिहिलं."

आयुष्यभर त्यांनी कमी माप देणारे पकडले होते. स्वतःच्या बाबतीत कमी माप देणारा पहिलाच सापडला, आणि तोही घरातच.

काकू मात्र दारात उभ्या होत्या. "ही खोली परक्या माणसाला दाखवायची?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरातली?"

"हो."

"निदान जाळी काढू का?"

"काहीही काढू नकोस. तुझ्या पाया पडतो."

सर्व्हेअर आला तेव्हा काकू स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. काकांनी खोली दाखवली, पट्टी दाखवली. सर्व्हेअरनं शिक्का पाहिला, रेघ पाहिली, फोटो काढले. "असा पुरावा मी अजून पाहिला नाही काका," तो म्हणाला. मग तो पुढच्या खोलीत आला, सोफा कोणाचा हे एकदा विचारून खात्री करून घेतली आणि मशीनपाशी थांबला. "काकूंना बोलवता का?"

काकू आल्या.

"काकू, मशीन कसं आहे?"

"काही वि..." काकू म्हणाल्या, आणि थांबल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "सांग," ते हळूच म्हणाले. "किती, तेवढं सांग. सैल धरू नकोस आणि कमीही करू नकोस."

काकूंनी झालर उचलली. खुर्ची ओढून बसल्या, पाय पायट्यावर ठेवला आणि दाबला. काहीच झालं नाही. त्यांनी परत दाबला. खोलीत नुसता त्यांच्या चपलेचा आवाज झाला.

"बंद पडलंय," त्या म्हणाल्या. "वीज नाही लावलेली, हे माहीत आहे मला. पण लावली तरी चालणार नाही, मोटर गेलीय. हे दुपारी झोपले की मी रोज इथं येऊन बसते. पाय ठेवते. बावीस वर्षं झाली, मला दुसरं काही येत नाही हो. क्लासच्या बायका विचारतात कधी सुरू करणार, मी म्हणते पुढच्या आठवड्यात. दोघी आता दुसरीकडे जायला लागल्यात. माझं फार नुकसान झालंय."

बोलून झाल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच त्याच पदरानं मशीनवरचा नसलेला डागही पुसला. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. महिनाभर एकाच घरात राहून आपल्याला हे कळलं नाही, याची त्यांना इतकी लाज वाटली की तेवढी कचेरीच्या खिडकीशी गुडघा माझाच म्हणतानाही वाटली नव्हती. सर्व्हेअर मान खाली घालून लिहीत होता. या वेळी त्यानं बराच वेळ लिहिलं.

दावा मंजूर झाला. अहवालाची प्रत आली, ती टायपिस्टांनी नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचली. 'जिन्याखालची खोली: अत्यंत अस्वच्छ. पुराचा गाळ जसाच्या तसा. त्याखाली पुरापूर्वीचीही घाण आढळली.' काकूंनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. काही लागलं तर नाही ना, म्हणून काकांनी चोरून पाहिलं, तर त्या हसत होत्या. पुढे पंधरा दिवस मात्र ती 'पुरापूर्वीचीही' काकांना जेवणाबरोबर रोज वाढली जात होती, आणि ते निमूटपणे गिळत होते.

वायरिंग झालं, मोटर आली, टायपिस्टांचा सोफाही दुसऱ्या हमालांनी वर चढवला. टायपिस्ट तरीही संध्याकाळी खाली येतात. आता खुर्चीत बसतात. जिन्याखालची खोली काकांनी एका रविवारी खरोखरच आवरली.

मशीन सुरू झाल्यावर काकूंनी पहिल्यांदा काय शिवलं असेल, तर मीटरपट्टीला खोळ. निळ्या जाड कापडाची, तळाशी दुहेरी शिवण. पट्टी आता पुढच्या खोलीत, मशीनच्या बाजूला उभी असते. घरातली प्रत्येक वस्तू काकू दिवसातून दोनदा पुसतात, पण त्या पट्टीवरची चिखलाची रेघ त्यांनी पुसलेली नाही. खोळीला नेमक्या एकसष्टवर त्यांनी बोटभर खिडकी ठेवली आहे, कडा नीट दुमडून, हातशिलाईनं.

क्लासला नवीन आलेल्या एका बाईनं परवा विचारलं, हे काय हो काकू?

काकूंनी पाय पायट्यावर ठेवला. मशीन घरघरत सुरू झालं.

"काही विशेष नाही," त्या म्हणाल्या. "इथवर पाणी आलं होतं."